शिसं सालीत धरायचं कसं: पितळेच्या लहान कारखान्यांसाठी संत्र्याच्या सालीची गाळणी

पितळेची गुंड तेजाबात बुडवून काढली की वरचा काळा थर सुटतो आणि गुंड झळाळते. तो थर धुण्याच्या पाण्यात जातो, पाणी नालीत, नाली नाल्यात. भंडारा-गोंदियासारख्या तलावांच्या मुलखात नाला बहुतेक वेळा एखाद्या बोडीत किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात जाऊन थांबतो. तिथूनच धानाला पाणी लागतं, तिथंच ढिवर मासे धरतात. त्या पाण्यात तांबं आणि जस्त असतंच. माल मोडीतून ओतलेला असेल तर शिसंही असतं, कारण नळाच्या तोट्या, व्हॉल्व्ह असल्या जुन्या पितळेत ते मुद्दाम मिसळलेलं असतं, लेथवर धातू सहज कापला जावा म्हणून.

हा लेख अशा कारखान्यासाठी आहे जिथं दिवसाला चार-पाचशे लिटर धुण्याचं पाणी निघतं, माणसं तीन-चार असतात आणि पगारी केमिस्ट ठेवणं परवडत नाही. चुन्यानं बरंचसं काम होतं, पण शिशाच्या बाबतीत चुना कमी पडतो. ती उरलेली कसर संत्र्याच्या सालीनं भरून काढता येते. मात्र साल धातू नाहीसा करत नाही. पाण्यातला धातू उचलून ती स्वतःत धरते, एवढंच. म्हणून काम सुरू करायच्या आधीच भरलेली साल कुठं जाणार हे ठरलेलं पाहिजे. ते ठरलं नसेल तर नाल्यातलं शिसं उकिरड्यावर येईल, आणि उकिरड्यावरून गाईच्या पोटात. आपल्याकडे संत्र्याची साल दिसली की जनावर तोंड घालणारच.

कोणी हे करू नये

तुमच्याकडे सायनाइडचं प्लेटिंग होत असेल, म्हणजे तांब्याचा, जस्ताचा किंवा चांदीचा मुलामा सायनाइडच्या हौदात चढत असेल, तर इथंच थांबा. पुढं पाण्यात आम्ल घालायचं आहे. सायनाइडच्या पाण्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि बंद खोलीत माणूस मिनिटांत जातो. शिवाय सायनाइडशी बांधलेला धातू सालीला नीट चिकटतही नाही. ते पाणी वेगळं ठेवून जाणकाराकडून आधी सायनाइड मोडून घ्यावं लागतं.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिण्यालायक करण्यासाठीही ही रीत नाही. सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे, पिण्याच्या पाण्यात ०.०१. या दहापटीच्या अंतराचा भरवसा घरगुती गाळणी देऊ शकत नाही.

क्रोमचं पिवळं पाणी असेल तर त्याची तऱ्हा उलटी आहे. त्याबद्दल पुढं वेगळं लिहिलं आहे. ते या पाण्यात मिसळू नका.

आधी मोजा

डोळ्यांना निळसर दिसतं ते तांबं. जस्त आणि शिसं दिसत नाहीत. त्यामुळे पहिला खर्च प्रयोगशाळेचा, आणि तो टाळता येत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तांबं, जस्त, शिसं, निकेल, एकूण क्रोमियम आणि पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) एवढं तपासून घ्या. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ कॅनमध्ये घ्यायचा. सकाळचं पहिलं पाणी वेगळं, दुपारचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं असतं, म्हणून दिवसभरात थोडं थोडं गोळा करून एकत्र केलेला नमुना बरा. धातू कॅनच्या भिंतीला चिकटू नये म्हणून त्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली ठेवतात. बऱ्याच प्रयोगशाळा आम्ल घातलेली बाटलीच देतात, ती मागा. सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमच्या पिवळ्या पाण्यातलं विषारी रूप, तपासायचं असेल तर त्या नमुन्यात आम्ल घालायचं नाही, तो थंड ठेवून २४ तासांत पोचवायचा.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये अशा: तांबं ३, जस्त ५, निकेल ३, शिसं ०.१, एकूण क्रोमियम २, सहा-संयुजी क्रोमियम ०.१. पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान. प्रदूषण नियंत्रण मंडळानं दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच पाळायचे. याच यादीत आणखी दोन आकडे आहेत आणि सालीच्या भानगडीत तेच विसरले जातात: बीओडी ३० आणि सीओडी २५०, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय माल कुजताना आणि रसायनानं मोडताना किती ऑक्सिजन खातो त्याची मापं. नीट न धुतलेली साल पाण्यातलं शिसं काढते आणि बदल्यात आपला रंग, साखर आणि तेल पाण्यात सोडते. मग शिशात पास आणि सीओडीत नापास, अशी गत होते.

पाणी कमी, मग चुना

तेजाबाच्या हौदातून भांडं काढलं की ते हौदावरच अर्धा मिनिट टांगून निथळू द्या. धुण्यासाठी वाहता नळ ठेवण्यापेक्षा तीन टाक्या ओळीनं ठेवा. भांडं पहिलीतून तिसरीकडे जाईल, ताजं पाणी तिसरीतून पहिलीकडे येईल. पाणी निम्म्याहून कमी लागतं आणि पुढची सगळी यंत्रणा तेवढीच लहान होते.

आता चुना. ज्याला साल वापरायची हौस असते तो नेमकी ही पायरी गाळतो, कारण चुन्यात काही नवल नाही. पण लिटरमागे ४०-५० मिलिग्रॅम तांबं असलेलं पाणी थेट सालीवर सोडलं तर साल एका दिवसात भरेल आणि घातक कचऱ्याचा ढीग वाढेल. जड ओझं चुन्यानं उतरवायचं, सालीला शेवटचं थोडं ठेवायचं.

विरवलेल्या चुन्याची निवळी नव्हे, तर दुधासारखी पातळ कालवण करून ती ढवळत ढवळत पाण्यात घाला आणि पीएच ९ ते ९.५ वर आणा. तांबं, जस्त आणि शिसं तिघंही या पट्ट्यात बऱ्यापैकी खाली बसतात. चुना जास्त झाला तर चांगलंच, असं समजू नका. पीएच ११ च्या वर गेला की बसलेलं जस्त परत विरघळायला लागतं, शिशाचंही तसंच. गाळ तरंगत राहिला तर थोडी तुरटी फिरवा. शेवग्याच्या बियांची पूडही गाळ बसवते, पण ती सेंद्रिय असल्यानं सीओडीत भर घालते, त्यामुळे इथं तुरटीच बरी. रात्रभर निवळू द्या.

सकाळी वरचं पाणी काढताना घाई नको. पुढच्या पायरीत आपण पीएच खाली आणणार आहोत. चुन्याच्या गाळाचा एखादा लोंढा जरी सोबत आला तरी पीएच उतरताच त्यातला धातू पुन्हा पाण्यात विरघळेल आणि रात्रीची मेहनत फुकट. म्हणून मध्ये वाळूची गाळणी हवीच. टाकीला तळापासून वीतभर उंचावर तोटी बसवा, तिच्याखाली दोन फूट धुतलेली वाळू भरलेला ड्रम ठेवा. वाळूतून आलेलं पाणी काचेच्या ग्लासात उजेडासमोर धरलं तर त्यात एकही कण तरंगताना दिसता कामा नये.

एवढ्यानं तांबं आणि जस्त सहसा मर्यादेत येतात. शिसं मात्र लिटरमागे एक-दीड मिलिग्रॅमवर अडून बसू शकतं, आणि मर्यादा आहे ०.१. हिशेब करून बघा. दिवसाला ५०० लिटर, महिन्याचे २५ दिवस, लिटरमागे १.५ मिलिग्रॅम शिसं, म्हणजे महिन्याला जेमतेम १९ ग्रॅम. मुठीत मावेल एवढं. पण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेनं पाहिलं तर तेवढं शिसं जवळपास १९ लाख लिटर पाणी बिघडवायला पुरतं.

साल का, आणि कोणती

संत्र्याच्या सालीत पेक्टिन भरपूर असतं, जॅम-जेली घट्ट होते ती याच्याच जोरावर. पेक्टिनच्या साखळीवर कार्बॉक्सिल नावाचे आम्लधर्मी गट असतात. सालीला चुना पाजला की त्या गटांवर कॅल्शियम बसतं. मग शिशाचं पाणी आलं की शिसं कॅल्शियमला उठवून स्वतः बसतं, कारण या गटांना शिशाची ओढ जास्त. साधारण क्रम असा: शिसं सगळ्यात घट्ट, मग तांबं, मग जस्त, निकेल सगळ्यात सैल. आपल्याला नेमकं शिसंच धरायचं असल्यानं हा क्रम फायद्याचा आहे. निकेलसाठी मात्र मी सालीच्या भरवशावर राहणार नाही.

ही सगळी अदलाबदल मेलेल्या, वाळलेल्या सालीत होते. तिला खाऊ घालावं लागत नाही, विषानं ती मरत नाही. म्हणूनच जिवंत जलपर्णीपेक्षा साल सोपी. जलपर्णी धातू ओढते हे खरं, पण तलावात सोडली की ती आवरत नाही, आणि धातू भरलेली जलपर्णी काढून टाकायची कुठं हा प्रश्न मोठाच होऊन बसतो.

विदर्भात पर्याय पुष्कळ आहेत. धानाचा तूस पूर्वेकडे फुकट मिळतो, पण त्यात सिलिका फार आणि पकड कमी. त्याचा उपयोग वेगळा आहे, तो पुढं येईल. हरभऱ्याचं कुटार, पऱ्हाटीचा भुगा, सागवानाचा भुसा हे सगळे धातू धरतात, पण सालीइतके नाही. टपरीवरचा चहाचा चोथा चांगला असतो, फक्त त्यात दूध-साखर मुरलेली असते आणि ती धुता धुता पुरेवाट होते. अंड्याचं टरफल म्हणजे चुनखडीच. ते पीएच वाढवून धातू खाली बसवतं, ते काम आपण चुन्यानं आधीच उरकलंय.

संत्र्याची साल शेतात मिळत नाही. वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडचा बागायतदार फळ विकतो, साल नाही. ती मिळते रसवंत्यांवर, फळप्रक्रिया केंद्रांवर आणि शहरातल्या ज्यूसच्या गाड्यांवर. मोसंबीची सालही तितकीच चालते. आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल येतो. साठा मृगाच्या वेळी करावा. मार्च-एप्रिलच्या उन्हात साल दोन-तीन दिवसांत कडक होते, दिवाळीच्या सुमारास तीच आठवडा घेते आणि मधेच बुरशी धरते.

साल तयार करणं

पांढरी-हिरवी बुरशी आलेली साल वेगळी काढा. राहिलेली बोटाच्या पेराएवढी चिरून दोनदा गरम पाण्यात खळबळून घ्या, म्हणजे साखर आणि थोडं तेल निघून जाईल. मग उन्हात पसरून हातानं मोडताना कट्ट आवाज होईपर्यंत वाळवा. ओल्या सालीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे दहा किलोतून दोन-सव्वादोन किलोच हाती लागेल.

दळताना पीठ करू नका. ज्वारीच्या कण्यांएवढी जाड भरड हवी, अर्धा ते दोन मिलिमीटर. बारीक पूड पाइपात चिखल होऊन बसते आणि पाणी अडवते. दोन चाळण्या घ्या: पहिलीवर राहील ते परत दळा, दुसरीतून खाली पडेल ते वेगळं काढा. ही बारीक पूड बाटलीतल्या चाचणीलाही वापरू नका, तिचे निकाल फसवे चांगले येतात. गावातल्या धान्याच्या चक्कीवर हे काम नेऊ नका. जनावरांचा चारा भरडायचं जुनं यंत्र असेल तर उत्तम.

आता चुन्याचं पाजणं. एक किलो भरडीला १० लिटर पाणी आणि १०० ग्रॅम विरवलेला चुना. नुसत्या निवळीत एवढा चुना मावत नाही, म्हणून कालवण लागते. हातमोजे आणि चष्मा घालून चांगलं ढवळा, झाकून रात्रभर ठेवा, मधे दोन-तीनदा हलवा. सकाळी पीएच ११ च्या खाली आलेला दिसला तर आणखी थोडा चुना घालून दोन-तीन तास ठेवा. चुन्याऐवजी कास्टिक सोडा घेतला तर काम लवकर होतं असं वाटतं, पण कास्टिकमध्ये पेक्टिन विरघळून साल गिळगिळीत होते. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. काही शोधनिबंधांत साल टिकावी म्हणून फॉर्मल्डिहाइड वापरलेलं दिसतं. ते कर्करोगजनक आहे. शिसं काढण्यासाठी ते कारखान्यात आणण्यात अर्थ नाही.

नंतर धुणं, आणि खरं कष्टाचं काम हेच. धुण्याचं पाणी चहासारखं तांबूस निघतं. ते जवळजवळ बिनरंगी होईपर्यंत आणि पीएच ७-८ वर येईपर्यंत धुवायचं. पाच-सहा पाण्यांची तयारी ठेवा. या धुण्यात अजून धातू नाही, ते खताच्या खड्ड्यावर ओतलं तरी चालतं. धुतलेली भरड परत वाळवा आणि चुंगड्यांत न भरता झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. पावसाळ्यात चुंगडीतली साल ओल धरते आणि आठ दिवसांत पांढरी होते.

बाटलीतली चाचणी

कागदावरचे आकडे आणि तुमचं पाणी यांत फार फरक असतो. लिंबूवर्गीय सालीवरच्या अभ्यासात ग्रॅममागे शंभर मिलिग्रॅमच्या वर शिसं धरल्याचे आकडे दिसतात. ते खोटे नाहीत, पण एकटं शिसं, शुद्ध पाणी आणि भरपूर सांद्रता अशा स्थितीतले आहेत. तुमच्या पाण्यात शिसं कमी, जस्त जास्त, चुन्यातलं कॅल्शियम तर उदंड. तिथं सालीची धारण, म्हणजे एक ग्रॅम साल किती धातू धरते तो आकडा, काही मिलिग्रॅमवर येते. म्हणून आपली चाचणी आपणच करायची.

वाळूतून आलेल्या पाण्याचा पीएच पातळ आम्लानं ५ ते ५.५ वर आणा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. पीएच इतकाच का? ३ च्या खाली पाण्यातले हायड्रोजनचेच आयन सालीवरच्या जागा अडवतात आणि शिसं बाहेर राहतं. ६ च्या वर गेलं तर शिसं आपोआप गाळ होऊन बसू लागतं आणि सालीनं किती धरलं ते कळेनासं होतं.

एक लिटरच्या सहा बाटल्या घ्या. पहिलीत साल नाही, फक्त पाणी. पुढच्या चारांत ०.२, ०.५, १ आणि २ ग्रॅम साल. सहावीत साधं स्वच्छ पाणी आणि २ ग्रॅम साल. दोन तास हलवत ठेवा, फडक्यातून आणि मग गाळणी-कागदातून गाळा, प्रयोगशाळेत पाठवा. पहिल्या बाटलीवरून कळेल की शिसं सालीमुळे गेलं की नुसतं ठेवल्यानं बसलं. सहाव्या बाटलीचा सीओडी तपासा. तो वाढलेला असेल तर साल अजून धुवायला हवी. गावाजवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्प शोधतच असतात. त्यांच्याकडे ही मोजणी सोपवली तर दोघांचंही काम होतं.

हिशेब सोपा: सुरुवातीचं शिसं वजा उरलेलं शिसं, गुणिले लिटर, भागिले सालीचे ग्रॅम. समजा सुरुवातीला १.५ होतं. २ ग्रॅमच्या बाटलीत ०.१ उरलं, तर धारण निघाली ग्रॅममागे ०.७ मिलिग्रॅम. ०.२ ग्रॅमच्या बाटलीत १.० उरलं, तर धारण २.५. साल तीच, पाणी तेच, तरी साडेतीनपटीचा फरक. कारण पाण्यात शिसं जितकं जास्त उरतं तितकं ते सालीवर जास्त चढतं. म्हणूनच ड्रममध्ये साल टाकून ढवळण्यापेक्षा सालीच्या पाइपातून पाणी चढवणं फायद्याचं. पाइपाच्या तोंडाशी असलेल्या सालीला सतत १.५ चं पाणी भेटतं, त्यामुळे ती पुरती भरते. शेवटाकडची ताजी साल राहिलेलं शिसं टिपते.

दोन पाइपांची गाळणी

सहा इंची पीव्हीसी पाइपचे दीड मीटरचे दोन तुकडे. प्रत्येकात एक मीटर साल, वर मोकळी जागा, कारण साल पाण्यात फुगते. खाली नायलॉनची जाळी आणि चार बोटं बारीक गिट्टी, वरही जाळी. इथं धानाचा तूस कामाला येतो: धुतलेला तूस आणि साल मापानं निम्मी-निम्मी मिसळा. तूस ताठ असतो, तो सालीला दबू देत नाही आणि पाण्याला वाट राहते. नुसती साल भरली तर आठवड्यात ती दाबून बसते.

चाचणीसारखंच पीएच ५ ते ५.५ वर आणलेलं पाणी खालून वर चढवायचं. वरून सोडलं तर ते एखाद्या फटीतून सरळ खाली पळतं आणि अर्धी साल कोरडीच राहते. एक मीटरच्या थरात साधारण १७-१८ लिटर जागा असते. तासाला ६० लिटर सोडलं तर दोन्ही पाइप मिळून पाण्याला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ मिळतो, आणि ५०० लिटर साडेआठ तासांत आटोपतं. पंपाची गरज नाही, टाकी माणसाच्या डोक्याच्या वर ठेवा आणि तोटीनं धार बांधा. दुसऱ्या पाइपातून आलेल्या पाण्याचा पीएच शेवटी चुन्यानं ७ च्या आसपास आणूनच बाहेर सोडायचं. नवीन साल भरल्यावर पहिल्या दिवशी बाहेरचा पीएच वाढलेला दिसतो, तो सालीतला चुना. त्या दिवसाचं पाणी परत चुन्याच्या टाकीत टाका.

पाइप किती दिवस चालेल? एका पाइपात समजा अडीच किलो साल बसली आणि धारण २.५ आली, तर तो सव्वासहा ग्रॅम शिसं धरेल. लिटरमागे १.५ च्या हिशेबानं चार हजार लिटरच्या थोडं वर, म्हणजे आठ दिवस. महिन्याला तीन-चार भरणी, दहा किलोच्या आत वाळलेली साल. ड्रममध्ये ढवळून हेच काम केलं असतं तर लिटरमागे २ ग्रॅम धरून पंचवीस किलो लागली असती. तुमचे आकडे वेगळे येतील. पाइप भरताना साल वजन करूनच भरा, अंदाजानं नाही.

दोन पाइप ओळीनं ठेवण्याचं कारण असं की पहिला भरला तरी दुसरा राखणीला असतो. पहिला रिकामा केला की दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणा आणि नवा भरलेला मागं लावा. पहिला भरला हे ओळखायला शिशाची तपासणी रोज करता येत नाही. पण सैल धरलेला धातू आधी सुटतो: जस्त, मग तांबं, आणि शिसं सगळ्यात शेवटी. पाण्यातलं तांबं मोजायची लहान किट मिळते. दोन पाइपांच्या मध्ये एक तोटी ठेवा आणि रोज संध्याकाळी तिथलं तांबं बघा. ते चढायला लागलं की पाइप बदलायची वेळ जवळ आली. नियमित लॅब-तपासणी याला पर्याय नाही, पण दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत हाताशी काही तरी असतं.

रविवारी कारखाना बंद असला तर पाइप पाण्यानं भरलेला राहू द्या. त्याहून जास्त सुट्टी असेल तर पाणी उतरवून चुन्याच्या टाकीत घ्या. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात साल आंबते, सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि सीओडी वर जातो.

क्रोमचं पिवळं पाणी

सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित असतं, त्यामुळे वरचा सगळा नियम उलटतो. त्याला पीएच २ च्या आसपास आणावं लागतं. तिथं बाभळीच्या सालीसारख्या टॅनिन भरलेल्या मालाशी त्याची गाठ पडली की ते तीन-संयुजी होतं, पिवळं पाणी हिरवट दिसू लागतं. मग चुन्यानं पीएच ८ ते ८.५ करून ते खाली बसवायचं. रीत खरी आहे, पण सावकाश चालते आणि सालीचा रंग पाण्यात उतरतो. लहान कारखान्यानं हिराकस (फेरस सल्फेट) किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट वापरावं असंच मी म्हणेन. अर्ध्या तासात काम होतं आणि चुकायला वाव कमी. हिराकसानं गाळ जास्त होतो, एवढा हिशेब धरा. सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगजनक आहे, हातमोज्यांशिवाय त्याच्याजवळ जायचं नाही.

भरलेली साल

पुस्तकात लिहिलेलं असतं की पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं साल धुतली की धातू सुटतो आणि साल परत वापरता येते. होतं तसं. पण साल फुकट आहे, आम्ल विकत आहे, आणि धातूनं भरलेलं आम्लाचं पाणी परत चुन्याच्या टाकीत घालावं लागतं. प्रत्येक फेरीत साल थोडी मऊही पडते. धातू धरणारी महाग कृत्रिम राळ असती तर गोष्ट वेगळी. संत्र्याच्या सालीसाठी एकदा वापरून थांबावं.

मग तिचं काय? घातक आणि इतर कचरा नियम, २०१६ खाली ही साल आणि चुन्याचा गाळ, दोन्ही एकाच रांगेत ठेवा. पाइपातून काढून वाळूच्या गाळणीसारख्याच ड्रमवर निथळू द्या, खाली गळेल ते चुन्याच्या टाकीत. मग छपराखाली, सिमेंटच्या फरशीवर, कुंपणाच्या आत वाळवा. कोरडी झाली की प्लास्टिकच्या अस्तराच्या झाकणबंद ड्रममध्ये भरा. ड्रमवर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘घातक कचरा, शिसं’ लिहा, भरल्याची तारीख लिहा. नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. विदर्भात घातक कचऱ्याची सामायिक सुविधा बुटीबोरीला आहे. तिथलं सभासदत्व, वाहनाचा फेरा आणि कचरा नेल्याची नोंद असलेलं फॉर्म १० चं चलन हा खर्च आधीच धरा. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून गाडी भरली तर तो अंगावर येत नाही.

चुलीत जाळू नका. वाळलेली साल सुरेख पेटते, म्हणूनच हे लिहावं लागतं. काही शिसं धुरात जातं, बाकीचं राखेत उरतं, आणि राख आपल्याकडे भांडी घासायला किंवा वाफ्यात जाते. गांडूळखतात नाही, वावरात नाही, विटांच्या भट्टीत नाही. कामावरच्या बायांना हे नीट समजावून सांगा, कारण ‘साल आहे, घेऊन जाते जळणाला’ हे अगदी साधेपणानं होऊन जातं. भरलेल्या सालीत मूठभर नीळ मिसळली तर ती घरी न्यावीशी कोणाला वाटत नाही.

एका वहीत तीन रकाने ठेवा: किती लिटर पाणी गेलं, किती किलो साल भरली, किती किलो घातक कचरा गेला. शुद्धीकरणाची पद्धत बदलत असल्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी कळवून संमतीपत्रात नोंद करून घ्या. तपासणीला आलेला अधिकारी हीच वही आणि चलनं मागतो.

शिसं ०.१ च्या खाली येतच नसेल तर

बहुतेक वेळा दोष सालीत नसतो. पहिल्यांदा वाळूतून आलेलं पाणी बघा: गढूळ असेल तर कणांत बांधलेलं शिसं सालीतून तसंच पुढं जातं. मग पीएच बघा, पट्टी जुनी असेल तर नवी आणा किंवा मीटर प्रमाण द्रावणानं जुळवून घ्या. मग धार मोजा, बादली आणि घड्याळ लावून. संध्याकाळी घरी जायच्या घाईत तोटी पूर्ण उघडली गेलेली असते. तिन्ही ठीक असतील तर पाइप रिकामा करून साल बघा: मधे कोरडा किंवा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला तर पाण्यानं पळवाट काढलेली आहे, तूस वाढवून परत भरा. यानंतरही आकडा हलला नाही, तर तेजाबाच्या हौदात कोणी नवीन पावडर किंवा चकाकीचं रसायन घालतंय का ते विचारा. सायट्रिक आम्ल, ईडीटीए, अमोनिया असली द्रव्यं धातूला इतकी घट्ट धरतात की तो ना चुन्याला सापडत, ना सालीला. अशा वेळी साल वाढवून उपयोग नाही, ते रसायन बदलावं लागतं. भांडी चिंचेनं उजळत असाल तर त्या धुण्यातही टार्टरिक आम्ल असतं, ते पाणी या टाकीत आणू नका, वेगळं तपासून घ्या.